वेदनेचा माग : युद्धातील जखमांपासून मेंदूच्या उद्दीपनापर्यंत

अमेरिकेच्या यादवी युद्धात फिलाडेल्फियाच्या टर्नर्स लेन रुग्णालयात नसांना इजा झालेले सैनिक डॉ. सायलस वेअर मिचेल यांच्या देखरेखीखाली होते. जखम भरून आली तरी त्यांच्या हातापायांची आग थांबत नव्हती. कोणी हात सतत ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवी, तर कोणी बुटात पाणी ओतून मगच चाले. कापून टाकलेल्या अवयवातही जाणवणाऱ्या संवेदनांना 'फँटम लिम्ब' हे नाव मिचेल यांनीच १८७१ मध्ये दिले.

अशा वेदनेवर विजेचा उपचार करण्यास शास्त्रीय आधार मिळाला तो १९६५ मध्ये, मेलझॅक आणि वॉल या संशोधकांच्या 'गेट कंट्रोल' सिद्धान्तामुळे; मज्जारज्जूतील एक प्रकारचे दार वेदनेचे संकेत मेंदूकडे जाऊ देते किंवा अडवते, असे तो सांगतो. दोनच वर्षांत नॉर्मन शीली यांनी मज्जारज्जूवर पहिला इलेक्ट्रोड बसवला. पुढे मेंदूच्या खोल भागातही इलेक्ट्रोड बसवले गेले, पण एकाला गुण येई आणि दुसऱ्याला येत नसे. १९८५ मध्ये शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी कवटी न उघडता चुंबकीय स्पंदनांनी मेंदू उद्दीपित करून दाखवला, तेव्हा शस्त्रक्रियेची अट गेली. उद्दीपनाची जागा आणि मात्रा मात्र बहुतेकांसाठी ठरावीकच राहिली. माझ्या मते या उपचाराची खरी अडचण तिथेच होती.

माजी सैनिकांसाठी हा प्रश्न तातडीचा आहे. २०१० ते २०१४ च्या अमेरिकी पाहणीत ६५.६ टक्के माजी सैनिकांनी मागील तीन महिन्यांत वेदना झाल्याचे सांगितले होते, आणि अफूजन्य गोळ्यांचे दुष्परिणाम तोवर उघड झाले होते.

२०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्रसाद शिरवळकर आणि सहकाऱ्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. त्यात रुग्ण चारच होते: तिघांची वेदना पक्षाघातानंतरची, तर एकाची कापलेल्या पायाची. त्यांच्या मेंदूत बसवलेले इलेक्ट्रोड कित्येक महिने घरीच नोंदी घेत होते. रुग्णाने दिवसातून अनेकदा आपली वेदना किती आहे ते सांगायचे आणि लगेच बटण दाबून मेंदूतील संकेतांची छोटी नोंद करायची, असा तो क्रम होता. या जोड्यांवरून मशीन लर्निंगने, म्हणजे नोंदींतून नमुने शिकणाऱ्या संगणकीय पद्धतीने, प्रत्येकाच्या जुनाट वेदनेची स्वतंत्र खूण शोधली. ती मुख्यतः डोळ्यांच्या वरच्या बाजूस असलेल्या ऑर्बिटोफ्रंटल भागात सापडली. वेदना उसळल्याचे त्या खुणेवरून ओळखून तेवढ्यापुरतेच उद्दीपन देण्याच्या कल्पनेला यातून बळ मिळाले आहे, आणि त्या यंत्राला शिकवणारी मूळ नोंद अजूनही रुग्णाच्या स्वतःच्या सांगण्याचीच आहे.