दुहेरी अधिकारक्षेत्र (मुंबई धर्मप्रांत)

एकाच भूमीवरील कॅथलिकांवर दोन बिशपांचा अधिकार चालण्याची मुंबईतील व्यवस्था. ती १७९४ पासून १९२८ पर्यंत टिकली. पोर्तुगालच्या राजाला पोपकडून मिळालेल्या आश्रयाधिकारास पाद्रोआदो म्हणत. चर्चचा खर्च राजाने उचलायचा आणि बिशपांची नावेही त्यानेच सुचवायची, असा हा व्यवहार होता. दुसरी सत्ता १६२२ मध्ये रोममध्ये स्थापन झालेल्या प्रोपगंडा या धर्मप्रसार मंडळाची. तिचे बिशप थेट पोपचे प्रतिनिधी असत आणि त्यांना व्हिकर अपॉस्टोलिक म्हणत.

धर्मप्रांताचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. काही जण १६३७ हे वर्ष देतात. त्या वर्षी दिवाडी बेटावरील मातेउश द कास्त्रो यांना आदिलशाही मुलखासाठी बिशप नेमण्यात आले. ते लॅटिन परंपरेतील पहिले भारतीय बिशप. गोव्याच्या आर्चबिशपांनी त्यांचा अधिकार मानला नाही, म्हणून त्यांनी पोर्तुगीज हद्दीबाहेर, त्या वेळी आदिलशाहीत असलेल्या डिचोलीत तळ ठोकला. धर्मप्रांतांच्या याद्यांमध्ये बहुधा १६६९ (‘ग्रेट मोगल’ व्हिकारिएट, म्हणजे व्हिकरचे कार्यक्षेत्र) आढळते. मात्र मुंबई बेटाशी प्रत्यक्ष संबंध येतो तो १७२० मध्ये, आणि तेच वर्ष अधिक ग्राह्य वाटते. फ्रान्सिस्कन संघाच्या पोर्तुगीज धर्मगुरूंची निष्ठा गोव्याशी, म्हणजे पर्यायाने लिस्बनशी, असल्याच्या संशयावरून इंग्रजांनी त्यांना त्या वर्षी बेटाबाहेर काढले आणि चर्चेस प्रोपगंडाच्या, कार्मेलाइट संघातील व्हिकरच्या हवाली केली.

१७८९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने ही चर्चेस गोव्याला परत दिली आणि १७९१ मध्ये पुन्हा काढून घेतली. भक्तांची तक्रार काही थांबेना. अखेर १७९४ मध्ये चर्चेसची वाटणी झाली. भुलेश्वरचे एस्पेरांसा व्हिकरकडे राहिले, माझगावचे ग्लोरिया गोव्याकडे गेले. वाटणी इमारतींची झाली तरी अधिकाराची हद्द जमिनीवर आखता आली नाही. माणूस कोणाच्या कक्षेत येतो, हे अनेकदा तो राहतो कोठे यापेक्षा त्याच्या मूळ कुळावरून ठरे. त्यामुळे एकाच गल्लीतील शेजाऱ्यांचे धर्मगुरू वेगळे असत. वांद्र्यात सेंट अँड्र्यूज पाद्रोआदोचे, तर हाकेच्या अंतरावरील सेंट पीटर्स प्रोपगंडाच्या बाजूच्या येशूसंघीयांचे (जेझुइटांचे). जुन्या घराण्याच्या बाप्तिस्मा-विवाहनोंदी शोधताना केवळ पत्त्यावरून चर्च ठरवले की हमखास चूक होते. कुटुंब कोणत्या पक्षाचे होते ते आधी पाहावे लागते.

१८३८ च्या ‘मुल्ता प्रेक्लारे’ या पोपच्या आज्ञापत्राने ब्रिटिश मुलखातील पाद्रोआदोला कात्री लावली, पण गोवेकर धर्मगुरूंनी ते मानले नाही. वाद सर्वांत विकोपाला गेला तो १८५३ मध्ये माहीमला. सेंट मायकेल चर्च पाद्रोआदोकडे जाऊ नये म्हणून प्रोपगंडाच्या बाजूचे, कपुचिन संघातील बिशप अनास्तासियुस हार्टमान आपल्या लोकांसह आत ठाण मांडून बसले. विरोधकांनी बाहेरून वेढा घालून अन्नपाणी तोडले. सुमारे १५ दिवसांनी मुलकी अधिकाऱ्यांनी हस्तक्षेप केला आणि पुढे चर्च पाद्रोआदोकडेच गेले.

१८८६ मध्ये मुंबई आर्चडायोसीस (आर्चबिशपच्या अधिकाराखालील धर्मप्रांत) झाली आणि जॉर्ज पोर्टर पहिले आर्चबिशप झाले. त्याच वर्षी पाद्रोआदोसाठी दमण धर्मप्रांत निर्माण झाल्याने दुहेरीपण संपण्याऐवजी कायदेशीर झाले. पहिल्या महायुद्धात जर्मन येशूसंघीयांना भारत सोडावा लागला आणि आर्चबिशप युर्गेन्स १९१६ मध्ये निवर्तले. तीन वर्षे पद रिकामे राहिले. त्यानंतरचे अल्बन गुडियर १९२६ मध्ये पायउतार झाले.

पोप आणि पोर्तुगाल यांच्यातील १९२८ च्या करारान्वये दमणचा मुंबईतील भाग आर्चडायोसीसमध्ये विलीन झाला. आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज व ब्रिटिश असावा, असे ठरले. त्यानुसार जोआकिम लिमा आणि नंतर थॉमस रॉबर्ट्स आले. रॉबर्ट्स यांनी आपला उत्तराधिकारी भारतीयच असावा, असा आग्रह धरला. १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस यांना साहाय्यक बिशप करून ते स्वतः मुंबईबाहेर पडले. १९५० मध्ये पोर्तुगालने आळीपाळीचा हा हक्क सोडला आणि ग्रेशियस आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये ते भारताचे पहिले कार्डिनल झाले.

मूळ क्षेत्रातून कराची (१९४८), अहमदाबाद (१९४९) आणि वसई (१९९८) हे धर्मप्रांत वेगळे झाले.