कुंपणाकडेचं गवत आणि तंगूसवालं मशीन

कुंपणाच्या कडेचं गवत ही कटकट खूप जुनी आहे. लॉनमोवर, म्हणजे लॉनचं गवत कापायचं ढकलमशीन, आला १८३० साली, इंग्लंडमधल्या एडविन बडिंगने कापड गिरणीत कापडावरची लव छाटायचं यंत्र बघून तो बनवला, पण तो मोकळ्या सपाट जागेसाठी, कडेची वीतभर पट्टी राहिली विळ्याच्याच वाट्याला. त्यात १८७४ला अमेरिकेत इलिनॉयच्या जोसेफ ग्लिडनने काटेरी तारेचं पेटंट घेतलं आणि तिकडे मैलोनमैल तारा पडल्या, म्हणजे कापायच्या कडाच वाढल्या की. तारेखाली मशीन जात नाही, विळा नीट फिरत नाही, जोरात मारला तर खांबाला लागून धार गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर २,४-डी तणनाशक आलं, पण ते रुंद पानाचं तण मारतं, गवत आपलं तसंच उभं.

हे सुटलं १९७१ला, टेक्सासच्या ह्यूस्टनमधे, आणि सोडवणारा कोणी इंजिनियर वगैरे नव्हता. जॉर्ज बालास, आधी डान्स स्टुडिओ चालवलेला माणूस. गाडी धुवायला गेला तर तिथले नायलॉनचे ब्रश गरगर फिरतायत, सगळ्या सांदीकोपऱ्यात शिरतायत आणि रंगाला ओरखडा नाही. घरी येऊन त्याने पत्र्याच्या डब्याला भोकं पाडली, त्यातून मासे पकडायची दोरी (आपला तंगूस!) ओवली आणि डबा बसवला लॉनची कड कापायच्या मशीनवर. आवाज भयंकर, पण झाडाच्या सालीला धक्का न लावता बुंध्यालगतचं गवत साफ. कंपन्यांनी नको म्हटल्यावर स्वतःच 'वीड ईटर' नावाने विकायला लागला, आणि १९७७ला कंपनी एमर्सन इलेक्ट्रिकला विकून मोकळा.

यातली गंमत म्हणजे दोरीला धार नसतेच. हेड, म्हणजे दोरी गुंडाळलेला फिरणारा भाग, जोरात फिरलं की दोरी ताठ होते आणि टोकाच्या वेगानेच गवत तुटतं, खांब आडवा आला की ती वाकते नाहीतर तुटते, मग हेड जमिनीवर आपटायचं की नवीन दोरी बाहेर. दीडशे वर्षं सगळे चांगलं पातं शोधत होते आणि उत्तर निघालं हार मानणारी दोरी, मला तरी हे भारी वाटतं.

आपल्याकडे याचाच थोरला भाऊ चालतो, ब्रश कटर, ज्याला सगळे ग्रास कटरच म्हणतात. बहुतेक टू-स्ट्रोक, पेट्रोलमधे ऑइल मिसळायचं, दोरी काढून पातं पण लावता येतं. रानडुकरांसाठी झटका मशीन (कुंपणाच्या तारेत करंट सोडणारं) लावलेल्या शेतकऱ्याला तर कड साफ ठेवावीच लागते, कारण ओलं गवत तारेला टेकलं की करंट जमिनीत जातो आणि झटका कमी बसतो. फक्त घाणेरी, करवंद असलं लाकडी काही असेल तर तंगूस कामाचा नाही, पातं लावावं लागतं, आणि पातं लावलं की परत खांब-दगड सांभाळत बसा.