ब्रिटनमध्ये क्रीडा विकास व व्यवस्थापनाची पदवी : पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

ब्रिटनमधील अनेक विद्यापीठांत क्रीडा विकास, क्रीडा व्यवस्थापन किंवा या दोहोंची सांगड घातलेल्या पदव्या आहेत, आणि महाराष्ट्रातून त्यांची चौकशी करणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : यासाठी मूल राष्ट्रीय पातळीवर खेळलेले असावे लागते का? तशी अट नसते. ही पदवी मैदानात खेळणाऱ्यांपेक्षा मैदान चालवणाऱ्यांसाठी आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये वोल्फेंडन समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि शाळा सुटली की मुलांचा खेळही सुटतो, ही गोष्ट त्याने सर्वांच्या नजरेस आणून दिली. शाळा आणि पुढचे आयुष्य यांमधली ही दरी भरून काढण्यासाठी क्लबांनी, स्थानिक प्रशासनाने आणि शाळांनी काय करावे, हा प्रश्न आजही क्रीडा विकास या विषयाच्या केंद्रस्थानी आहे. क्रीडा व्यवस्थापनात भर असतो तो क्लबचे अर्थकारण, स्पर्धांचे आयोजन, प्रायोजकत्व आणि क्रीडासंकुलांचा कारभार यांवर.

क्रीडाविज्ञान हा यांहून वेगळा विषय आहे. त्यासाठी बारावीला बहुधा विज्ञानाचा एखादा विषय मागितला जातो, तर विकास व व्यवस्थापनाच्या पदव्यांना कला आणि वाणिज्य शाखांचे विद्यार्थीही सर्रास घेतले जातात. हा फरक ठाऊक नसल्यामुळे वाणिज्य शाखेतील हुशार मुले अर्जच करत नाहीत, याचे मनापासून वाईट वाटते.

शैक्षणिक पात्रता

तीन वर्षांच्या पदवीसाठी बारावी उत्तीर्ण असणे ही मूळ अट असते. प्रत्येक विद्यापीठ आपापली टक्केवारी ठरवते आणि महाराष्ट्र राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांकडून ती अनेकदा सीबीएसई किंवा आयएससीच्या विद्यार्थ्यांपेक्षा थोडी जास्त अपेक्षिली जाते. म्हणून विद्यापीठाच्या संकेतस्थळावर भारतासाठी दिलेले पान उघडून त्यात आपल्या मंडळाचा उल्लेख कसा आहे, हे पाहावे. टक्केवारी कमी पडत असेल, तर एक वर्षाचा पायाभूत अभ्यासक्रम करून पदवीला जाण्याची सोय काही विद्यापीठांत असते.

इंग्रजीसाठी आयईएल्टीएसमध्ये साधारण ६ ते ६.५ गुण लागतात. काही विद्यापीठे बारावीच्या इंग्रजीचे गुणही ग्राह्य धरतात, पण तसे लेखी कळवून घेतल्याशिवाय परीक्षा टाळू नये. पदवीच्या प्रवेशाला बहुतेक विद्यापीठांत आयईएल्टीएसची नेहमीची अकादमिक परीक्षा पुरते. पायाभूत अभ्यासक्रमासाठी मात्र व्हिसाकरिता मान्य असलेली 'आयईएल्टीएस फॉर यूकेव्हीआय' ही वेगळी परीक्षा लागते. चुकीची परीक्षा दिल्यास शुल्क आणि वेळ दोन्ही वाया जातात.

यूकासवरचा अर्ज

पदवीचे अर्ज यूकास या मध्यवर्ती यंत्रणेमार्फत होतात आणि एकाच अर्जात पाच अभ्यासक्रमांपर्यंत निवड करता येते. २०२६ च्या प्रवेशासाठी अर्जाचे शुल्क २८.९५ पौंड आणि समान विचाराची (म्हणजे जिच्या आत आलेल्या सर्व अर्जांचा सारखाच विचार होतो ती) अंतिम मुदत १४ जानेवारी २०२६ रोजी लंडनच्या घड्याळाने सायंकाळी ६, म्हणजे आपल्याकडे रात्री ११.३०, अशी ठरवण्यात आली होती. त्यानंतरही ३० जूनपर्यंत अर्ज घेतले जातात, पण जागा शिल्लक असल्या तरच त्यांचा विचार होतो. जूननंतर आलेले अर्ज क्लिअरिंग या उरलेल्या जागांच्या फेरीत जातात. या अर्जासाठी एजंट असावाच लागतो असे नाही, विद्यार्थ्याला तो स्वतः भरता येतो.

अर्जातील सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे वैयक्तिक निवेदन. २०२६ च्या प्रवेशापासून ते सलग निबंधाऐवजी तीन प्रश्नांच्या उत्तरांच्या रूपात लिहायचे असते : हा विषय का शिकायचा आहे, आतापर्यंतच्या शिक्षणाने त्याची तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केले व ते कसे उपयोगी पडले. मोकळ्या जागा धरून तिन्ही मिळून ४,००० अक्षरचिन्हे आणि प्रत्येक उत्तराला किमान ३५० अशी मर्यादा आहे. उसना मजकूर ओळखण्यासाठी यूकासकडे साम्य तपासणारी यंत्रणा असल्याने दुसऱ्याचे निवेदन उचलणे धोक्याचे आहे.

आपली मुले तिसऱ्या प्रश्नापाशी अडखळतात. त्यांच्याकडे सांगण्यासारखे असते, पण ते सांगण्याच्या लायकीचे आहे असे त्यांना वाटत नाही. माझ्याकडे निवेदन दाखवायला आलेल्या एका विद्यार्थिनीने पहिल्या खर्ड्यात 'मला लहानपणापासून खेळाची आवड आहे' एवढेच लिहिले होते. बोलता बोलता कळले की, तालुक्याच्या खो-खो स्पर्धेत तिने सलग दोन वर्षे नोंदणीचे टेबल सांभाळले होते, सकाळी सहाला चुन्याने मैदान आखून घेतले होते, आणि एका शाळेच्या मुलींचा संघ परतीची एसटी चुकेल म्हणून माघार घेणार हे कळताच त्यांचा सामना आधी लावण्यासाठी पंचांशी बोलून वेळापत्रक बदलून घेतले होते. मुली स्पर्धेपर्यंत का पोहोचत नाहीत आणि त्यांना पोहोचवण्यासाठी काय बदलावे लागते, हाच क्रीडा विकासाचा अभ्यास आहे, आणि तिने तो पुस्तकाआधी मैदानावर केला होता. दुसऱ्या खर्ड्यात तिने ही एसटीची हकिगत लिहिली. प्रमाणपत्रांची यादी देण्यापेक्षा असा एक प्रसंग, त्यातली अडचण आणि आपण घेतलेला निर्णय यांसह लिहिला, तर परीक्षकाला विद्यार्थी दिसतो.

अर्जासोबत शिक्षकाचे शिफारसपत्र लागते. आपल्याकडची बरीच कनिष्ठ महाविद्यालये यूकासशी जोडलेली नसल्यामुळे विद्यार्थ्याला स्वतंत्रपणे अर्ज करून शिक्षकांचा ईमेल पत्ता द्यावा लागतो आणि यूकासकडून आलेल्या दुव्यावर शिक्षकांनी मजकूर भरायचा असतो. तो पत्ता शक्यतो महाविद्यालयाचा अधिकृत असावा. शिक्षकांना दिवाळीच्या सुटीआधीच विनंती करावी, कारण जानेवारीत ते बारावीच्या प्रात्यक्षिकांत गुंतलेले असतात आणि शिफारसपत्र येईपर्यंत अर्ज पुढे जात नाही.

प्रवेशपत्र आणि पोलीस दाखला

बारावीचा निकाल लागण्याआधी मिळणारे प्रवेशपत्र सशर्त असते. विद्यार्थी त्यांपैकी एक पक्की आणि एक राखीव अशी निवड करतो, आणि मे महिन्यात निकाल लागला की गुणपत्रिका पाठवून अट पूर्ण करतो. ब्रिटनमधील वर्ष सप्टेंबरच्या सुमारास सुरू होत असल्याने राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांना हे वेळापत्रक सोयीचे पडते.

या विषयाची एक खास अट इथे येते. अभ्यासक्रमात शाळांत किंवा क्लबांत अल्पवयीन मुलांसोबत काम करावे लागत असेल, तर विद्यापीठ डीबीएस ही गुन्हेविषयक नोंदींची तपासणी मागते, आणि परदेशी विद्यार्थ्यांकडून त्यासोबत मायदेशातील पोलीस दाखलाही मागितला जाऊ शकतो. हा दाखला, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून अर्ज करून मिळतो. पासपोर्टवरचा आणि सध्याचा पत्ता वेगळा असेल, तर पडताळणीला वेळ जातो, म्हणून हे काम ऑगस्टवर ढकलू नये.

व्हिसा : पैसे, २८ दिवस आणि नावे

प्रवेश पक्का झाला आणि आगाऊ रक्कम भरली की विद्यापीठ कॅस नावाचा प्रवेशपुष्टी क्रमांक देते, आणि त्याच्या आधारे विद्यार्थी व्हिसाचा अर्ज होतो. अभ्यासक्रम सुरू होण्याच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. भारतातून जाणाऱ्यांना मान्यताप्राप्त केंद्रातील क्षयरोग तपासणीचा दाखला लागतो आणि तो सहा महिने चालतो. एप्रिल २०२५ मध्ये व्हिसाचे शुल्क ५२४ पौंड झाले. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी घेतला जाणारा आरोग्य अधिभार विद्यार्थ्यांना दरवर्षी ७७६ पौंड असून तो संपूर्ण व्हिसाकाळासाठी एकदमच भरावा लागतो. तीन वर्षांच्या पदवीचा व्हिसा सुमारे तीन वर्षे दोन महिन्यांचा मिळाला, तर वरच्या महिन्यांसाठी अर्ध्या वर्षाची आकारणी होऊन अधिभार २,७१६ पौंड होतो. हा खर्च कुटुंबाच्या अंदाजपत्रकातून हमखास सुटतो. हे सर्व दर बदलत राहतात, तेव्हा पैसे भरण्याच्या दिवशी ब्रिटिश शासनाच्या संकेतस्थळावरचा आकडाच प्रमाण मानावा.

आर्थिक पुराव्यात पहिल्या वर्षाचे उरलेले शिक्षणशुल्क आणि नऊ महिन्यांपर्यंतचा राहण्याचा खर्च दाखवावा लागतो. नोव्हेंबर २०२५ पासून हा खर्च लंडनमध्ये महिना १,५२९ आणि लंडनबाहेर महिना १,१७१ पौंड धरला जातो. समजा, शिक्षणशुल्क १८,००० पौंड आहे, त्यांपैकी ४,००० भरले आहेत आणि तशी नोंद कॅसवर झाली आहे. मग लंडनबाहेरच्या विद्यापीठासाठी उरलेले १४,००० आणि राहण्याचे १०,५३९ मिळून २४,५३९ पौंडांइतकी रक्कम खात्यात हवी.

ही रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते आणि त्या मुदतीचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेपासून ३१ दिवसांपेक्षा मागे नसावा. सलग याचा अर्थ शब्दशः घ्यावा. विसाव्या दिवशी घरच्या कामासाठी काही हजार रुपये काढले आणि शिल्लक एका दिवसापुरती जरी आवश्यक रकमेखाली गेली, तरी मोजणी मोडते. रुपयाचा दर खाली-वर होत असल्याने थोडी रक्कम जास्तच ठेवावी. पैसे आई-वडिलांच्या खात्यात असतील, तर जन्मदाखला आणि त्यांचे संमतिपत्र जोडावे. बँकेचे शैक्षणिक कर्ज असेल, तर मंजुरीपत्र सहा महिन्यांपेक्षा जुने नसावे आणि त्यात विद्यार्थ्याचे नाव, रक्कम व ती प्रवासाआधी उपलब्ध होईल असा उल्लेख असावा.

नावांची तपासणी मात्र या सगळ्याच्या आधी करावी. आपल्या बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग विद्यार्थ्याचे आणि वडिलांचे नाव, अशी मांडणी असते. पासपोर्टवर आडनाव स्वतंत्र रकान्यात जाते आणि जन्मदाखल्यावर काही वेळा मुलाचे नावच नोंदलेले नसते. आईचे लग्नाआधीचे नाव एका कागदावर आणि नंतरचे दुसऱ्या कागदावर असेल, तर संमतिपत्र देणारी व्यक्ती आईच आहे हे सिद्ध करण्यासाठी विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातील नोंद जोडावी. केवळ मराठीत असलेल्या दाखल्यांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागते.

व्हिसावर कोणते काम करता येत नाही

या विषयाच्या विद्यार्थ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करण्याची मुभा असते, परंतु व्यावसायिक खेळाडू किंवा प्रशिक्षक म्हणून काम करण्यास विद्यार्थी व्हिसावर मनाई आहे. नियमांतील व्यावसायिक खेळाडूची व्याख्या आपल्या समजुतीपेक्षा बरीच व्यापक आहे. बिनपगारी कामही तिच्यात येऊ शकते, आणि गेल्या दोन वर्षांत देशाचे किंवा राज्याचे प्रतिनिधित्व केलेले असणे हादेखील तिचा एक निकष आहे. महाराष्ट्राच्या संघातून नुकतीच खेळलेली कबड्डीपटू त्यामुळे थेट या कक्षेत येते.

पदवी किंवा त्यावरच्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना हौशी म्हणून खेळण्याची वा प्रशिक्षण देण्याची, तसेच अभ्यासक्रमाचा अविभाज्य व गुणांकित भाग असलेल्या कार्यानुभवात ते करण्याची सवलत आहे. पण शनिवारी सकाळी एखाद्या क्लबमध्ये लहान मुलांना क्रिकेट शिकवून खर्च भागवू, असा बेत करून कुणी निघू नये. नियम मोडल्यास व्हिसा रद्द होऊ शकतो. असे कोणतेही काम स्वीकारण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षाला ईमेल करून उत्तर लेखी घ्यावे आणि जपून ठेवावे.

पदव्युत्तर शिक्षण, शिष्यवृत्ती आणि मान्यता

एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा अर्ज बहुधा थेट विद्यापीठाकडे होतो. त्यासाठी पदवीची गुणपत्रके, शिफारसपत्रे, उद्देशपत्र आणि बायोडेटा लागतो, आणि आपल्या विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट मिळायला लागणारा काळ आधीच धरून चालावा.

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे, पदवीसाठी नाही. अलीकडच्या जाहिरातींत विद्यापीठ क्यूएस जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये असण्याची अट आहे, आणि इथे आपल्या विषयाचे विद्यार्थी फसतात. लफबरो विद्यापीठ क्यूएसच्या क्रीडाविषयक यादीत अनेक वर्षे जगात पहिले आहे, पण त्याचा सर्वसाधारण क्रमांक २०० च्या बाहेर आहे आणि शिष्यवृत्तीसाठी तोच क्रमांक धरला जातो. एडिनबरा विद्यापीठाचा क्रीडा धोरण, व्यवस्थापन व आंतरराष्ट्रीय विकास हा पदव्युत्तर अभ्यासक्रम या अटीत बसतो. खेळाच्या क्षेत्रात सर्वोत्तम मानल्या जाणाऱ्या विद्यापीठात मुलाला शासनाच्या मदतीने जाता येऊ नये, हे मला योग्य वाटत नाही; तरी अर्ज करताना जाहिरातीतील अटच पाळावी लागते.

जुलै २०२२ मध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यात झालेल्या करारामुळे ब्रिटनची एक वर्षाची पदव्युत्तर पदवी भारतात ग्राह्य धरण्याचा मार्ग मोकळा झाला. शिक्षणानंतर ब्रिटनमध्ये राहून काम शोधण्यासाठी ग्रॅज्युएट व्हिसा आहे. त्याची मुदत पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी दोन वर्षांची होती, ती १ जानेवारी २०२७ पासून केलेल्या अर्जांना १८ महिने मिळेल. २०२६ च्या सप्टेंबरमध्ये तीन वर्षांच्या पदवीला जाणाऱ्या विद्यार्थ्याने कर्जफेडीचा हिशेब या १८ महिन्यांवरच मांडावा.