परमुलखातून कोकणात आलेल्या स्त्रिया आणि त्यांचे मनःस्वास्थ्य : पार्श्वभूमी

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील हापूसच्या बागा आणि किनाऱ्यावरची मासेमारी बंदरे आज मोठ्या प्रमाणात नेपाळी मजुरांच्या श्रमावर चालतात. पुरुष बागेची राखण करतात किंवा नौकेवर खलाशी म्हणून जातात. सोबत आलेल्या स्त्रिया बागेतली साफसफाई, आंब्यांची निवड, पेट्या भरणे अशी कामे करीत गावापासून दूर, बागेतल्याच खोलीत संसार मांडतात. त्यांच्या मनावरचा ताण हा अलीकडचा विषय वाटला, तरी परदेशातून येऊन येथे राहिलेल्या स्त्रियांचा इतिहास रत्नागिरीत बराच जुना आहे.

1885 मध्ये ब्रिटिशांनी ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत नजरकैदेत ठेवले. राणी सुपयालत आणि मुलीही आल्या. धाकटी राजकन्या तर येथेच जन्मली. घरात ब्रह्मी रीतिरिवाज कसोशीने पाळले जात, परंतु बाहेरच्या समाजात मिसळण्याची वाट जवळजवळ बंद होती, आणि राजकुळाला साजेसे वर न मिळाल्याने मुली वयात येऊनही बराच काळ अविवाहित राहिल्या. थोरल्या राजकन्येला घरी चाकरीस असलेल्या, विवाहित गोपाळ सावंत यांच्यापासून 1906 मध्ये टूटू ही मुलगी झाली. 1916 मध्ये थिबाचे निधन झाले आणि 1919 मध्ये कुटुंबाला मायदेशी जाता आले. थोरली राजकन्या मात्र मुलीसह रत्नागिरीस परतली आणि 1947 मध्ये येथेच वारली. टूटू मराठी बोलत, गरिबीत संसार करीत याच गावाची झाली.

स्थलांतरितांच्या मानसिकतेचा अभ्यास करणारे जॉन बेरी यांचे प्रतिपादन असे, की आपली संस्कृती जपून नव्या समाजातही वावरता येणाऱ्यांना ताण तुलनेने कमी जाणवतो. थिबाच्या घरातील स्त्रियांच्या वाट्याला यातले एकेकच आले : राणी सुपयालतला केवळ जपणे, नात टूटूला केवळ मिसळणे. बागेतल्या स्त्रीपुढेही हाच पेच आहे, असे मला वाटते.

1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे नेपाळी नागरिकांना येथे राहण्यास व काम करण्यास व्हिसा लागत नाही. ही मोठी सोय आहे, पण त्यामुळे कोण स्त्री कुठल्या बागेत राहते याची नोंदही सहसा होत नाही.

उपचारांची सोय जिल्ह्यात नाही असे नाही. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीतच आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी उपचारांचा हक्क ‘प्रत्येक व्यक्तीला’ दिला आहे, आणि 2022 पासून टेली-मानस या सरकारी दूरध्वनी समुपदेशन सेवेच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. तरीही मनाचे दुखणे अनेकदा डोकेदुखी, निद्रानाश, अंगदुखी अशा तक्रारींतूनच व्यक्त होते, आणि परक्या भाषेत तर तेवढेही नीट सांगता येत नाही. अशा घरापर्यंत पोहोचू शकते ती गावची आशाताई. मुलांच्या लसीकरणासाठी जाताना तिने आईच्या झोपेची आणि भुकेचीही विचारपूस करावी, आणि त्यासाठी तिला प्रशिक्षण व नेपाळी जाणणाऱ्या एखाद्या स्त्रीची सोबत मिळावी.