उखळी तोफ: संथ गतीचं सामर्थ्य

मॉर्टरला मराठीत उखळी तोफ म्हणतात, कारण जुनी मॉर्टर खरोखरच उखळासारखी होती: आखूड, जाड बुडाची, तोंड आभाळाकडे. इंग्रजी शब्दही मुळात खलबत्त्यातल्या खलाचाच. पायदळाचं आजचं मॉर्टर मात्र म्हणजे एक गुळगुळीत लांब नळी, तिच्या बुडाखाली बेसप्लेट नावाची जाड थाळी आणि पुढे दोन पायांचा आधार. तोंड आभाळाकडे, एवढं मात्र कायम राहिलं.

बॉम्ब भरणारा जवान तो शेपटीच्या बाजूनं नळीच्या तोंडात धरतो, हुकूम मिळताच सोडतो आणि डोकं खाली घालतो. बॉम्ब स्वतःच्या वजनानं घसरत बुडाशी जातो, तिथल्या फायरिंग पिनवर आपटतो, शेपटीतलं काडतूस पेटतं आणि तो आल्या वाटेनं बाहेर फेकला जातो. ही साधी रचना विल्फ्रेड स्टोक्स या इंग्रज इंजिनिअरनं १९१५ मध्ये खंदकांतल्या लढाईसाठी केली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात फ्रान्सच्या एडगर ब्रांटनं तिच्यात सुधारणा केली, बॉम्बला थेंबासारखा आकार आणि शेपटीला पंख दिले.

या यंत्रातला मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे आधुनिक बॉम्बच्या कमरेभोवतीची प्लास्टिकची कडी. बॉम्ब नळीत घसरायचा तर भोवती थोडी फट हवी. नाहीतर सायकलच्या पंपाचं तोंड बोटानं दाबून दांडा रेटावा तशी खालची हवा कोंडेल आणि बॉम्ब अर्ध्यावर अडेल. पण बार उडाल्यावर तीच फट नडते. वायू तिथून निसटतो, तोही दर वेळी कमी-जास्त, आणि मग एकाच नेमानं सोडलेले बॉम्ब वेगवेगळ्या अंतरावर पडतात. कडीनं हे दोन्ही प्रश्न सोडवले. उतरताना ती सैल असते, खालून वायूचा दाब आला की फाकून नळीला घट्ट बसते.

आता वेगाकडे वळू. १५५ मिलिमीटर तोफेचा गोळा ध्वनीच्या दुपटीहून जास्त वेगानं सुटतो, ८१ मिलिमीटर मॉर्टरचा बॉम्ब ध्वनीपेक्षाही हळू. मॉर्टरचे सगळे गुण या संथपणातून येतात. वेग कमी म्हणून नळीतला दाब कमी, दाब कमी म्हणून नळी पातळ. धक्का बेसप्लेटमधून थेट जमिनीत जातो, त्यामुळे तो झेलायला वेगळी यंत्रणा लागत नाही. म्हणून जेमतेम ४० किलोंचं हे शस्त्र तीन भागांत सुटं करून माणसांच्या पाठीवर डोंगर चढतं. बॉम्बचं कवचही पातळ ठेवता येतं आणि आत स्फोटक जास्त मावतं.

हवेचा विरोध बाजूला ठेवून एक हिशेब करू. बॉम्ब सेकंदाला २०० मीटर वेगानं ४५ अंशांत सोडला तर साधारण ४ किलोमीटरवर पडेल. नळी ७५ अंशांपर्यंत उभी केली तर निम्म्यावर, २ किलोमीटरवर. पण वाटेत तो १,९०० मीटर उंच जाईल, म्हणजे समुद्रसपाटीपासून कळसूबाईच्या माथ्याहूनही वर, आणि वर जाऊन खाली यायला एकूण ३९ सेकंद घेईल. मिनिटाला १५ बॉम्ब सोडले, तर पहिला जमिनीवर पडेपर्यंत आणखी नऊ सुटलेले असतात.

ही उंच कमान डोंगरी लढाईत मोलाची. तोफेचा सपाट येणारा गोळा डोंगराच्या अलीकडच्या अंगावर आदळतो किंवा माथ्यावरून निघून जातो. पलीकडच्या उतारावर दडलेल्या शत्रूवर पडतो तो जवळजवळ उभा येणारा बॉम्बच. १९९९ च्या कारगिल युद्धात बोफोर्सचं नाव घरोघरी पोचलं, पण भारतीय तोफखान्याच्या माऱ्यात मॉर्टरही होती. त्या उंचीवर हवा विरळ, त्यामुळे बॉम्ब नेहमीपेक्षा लांब जातो आणि सगळे हिशेब नव्यानं मांडावे लागतात.

हीच कमान मॉर्टरचा ठावठिकाणाही सांगते. अर्धा मिनिट हवेत तरंगणारा बॉम्ब रडारला सहज सापडतो. त्याच्या वाटेचा थोडा तुकडा टिपला की गणितानं मागे जात नळी कुठे आहे ते काढता येतं. कारगिलमध्ये आपल्याला अशा चांगल्या रडारची उणीव फार जाणवली. नंतर डीआरडीओ आणि भारत इलेक्ट्रॉनिक्सनं 'स्वाती' रडार तयार केलं. अशा रडारांमुळे हल्ली चार-सहा बॉम्ब सोडून लगेच जागा बदलणं मॉर्टर पथकाला भाग पडतं, शिवाय आता वर ड्रोनचीही नजर असते.

ज्यांच्यावर बॉम्ब पडतो त्यांच्याविषयी न बोलता हा विषय संपवू नये. बोस्नियातल्या युद्धात, ५ फेब्रुवारी १९९४ रोजी, तिथली राजधानी साराएव्होच्या मार्काले बाजारात १२० मिलिमीटरचा एकच बॉम्ब पडला. ६८ माणसं मेली, १४० हून जास्त जखमी झाली. बॉम्ब कुणी सोडला यावर वाद पेटला. जमिनीवरच्या खुणांवरून दिशा कळत होती, पण अंतर कळत नव्हतं, कारण कमी बार (म्हणजे बॉम्ब फेकणारी दारू) आणि जास्त बार यांनी एकाच कोनात पडणाऱ्या बॉम्बचं अंतर वेगवेगळं असतं. बॉम्बची शेपटी मात्र खड्ड्यात खोल रुतलेली सापडली होती. किती खोल, त्यावरून आदळण्याच्या वेगाचा आणि वेगावरून बाराचा अंदाज बांधला गेला. २००३ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं बहुमतानं निर्णय दिला, की तो बॉम्ब बोस्नियन सर्बांच्या ताब्यातल्या भागातून आला होता.