उन्हाची चक्कर की बंद केलेल्या स्टिरॉइडची?

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकला, की गळून जाणं, मळमळ, उठताना डोळ्यांपुढे अंधारी हे सगळं उन्हाच्या खात्यात जमा होतं. पन्हं पाजतात, खिशात कांदा ठेवतात. पण माणूस दम्यासाठी किंवा संधिवातासाठी महिना-दीड महिना प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी घेत होता आणि ‘आता बरं वाटतंय’ म्हणून त्यानं ती एकदम सोडली असेल, तर आधी शंका स्टिरॉइडची घ्यावी.

मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या हुकमावर कॉर्टिसॉल हे रक्तदाब सावरणारं संप्रेरक, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, बनवतात. सकाळी भरपूर, मध्यरात्री अगदी कमी. बाहेरून स्टिरॉइड मिळू लागलं की हा हुकूम बंद होतो आणि तीन-चार आठवड्यांत ग्रंथी आक्रसू लागतात. त्या पुन्हा जाग्या व्हायला कधी काही आठवडे लागतात, कधी अनेक महिने. मीठ सांभाळणारं दुसरं संप्रेरक, अल्डोस्टेरॉन, मात्र मूत्रपिंडाच्या इशाऱ्यावर चालतं, ते टिकून असतं. उणीव कॉर्टिसॉलची असते, म्हणून नुसत्या ओआरएसनं रक्तदाब म्हणावा तसा वर येत नाही.

गोळीवरचा आकडा फसवा असतो. कॉर्टिसॉलच्या रेणूत एक दुहेरी बंध वाढवला की प्रेडनिसोलोन होतं आणि ताकद चौपट होते. त्यात फ्लोरिनचा अणू आणि मिथाइल गट जोडला की डेक्सामेथासोन. २० मिलीग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन (औषधरूपातलं कॉर्टिसॉल) म्हणजे ५ प्रेडनिसोलोन, ४ मिथाइलप्रेडनिसोलोन, पण डेक्सामेथासोन अवघं ०.७५. त्यातही प्रेडनिसोलोनचा परिणाम १२ ते ३६ तास राहतो, डेक्सामेथासोनचा ३६ ते ७२. म्हणजे पिट्युटरीला रात्रीसुद्धा उसंत नाही. अर्ध्या मिलीग्रॅमची ‘छोटी गोळी’ रोज घेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. सांध्यांच्या दुखण्यावर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांतही कधी कधी स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. रुग्णाला आपण ते घेतोय याचा पत्ताच नसतो.

प्रेडनिसोलोन सकाळी आठच्या सुमारास, नाश्त्यानंतर घ्यायचं; शरीराच्या वेळापत्रकाशी ते जुळतं आणि झोपही उडत नाही. बंद करताना ४० मिलीग्रॅमवरून आठवड्याला पाच-दहानं उतरणं बहुधा जमतं. खरी परीक्षा साडेसातच्या खाली. शरीराची रोजची गरज चार ते सहा मिलीग्रॅमच्या घरातली, तेव्हा इथे महिन्याला एक मिलीग्रॅम इतकं हळू जावं लागतं. नेमकं वेळापत्रक डॉक्टर मूळ आजार पाहून ठरवतात. याच काळात क्षयासाठी रिफॅम्पिसिन सुरू झालं, तर यकृत स्टिरॉइड झपाट्यानं निकामी करतं आणि तोच डोस अपुरा पडतो.

डोस उतरत असताना किंवा नुकताच बंद झालेला असताना ताप आला, तर डॉक्टर तो तात्पुरता वाढवतात किंवा पुन्हा सुरू करतात. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, भान हरपत असेल, तर घरी थांबू नये. दवाखान्यात १०० मिलीग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन आणि सलाइन देतात, रक्तातली साखर तपासतात. सोबत गोळ्यांची रिकामी स्ट्रिप न्यावी. ती पाहिल्याशिवाय मे महिन्यात कुणाच्याही मनात आधी उष्माघातच येतो.