मांजर आणण्याआधी: आमच्या फॉर्ममधला सातवा प्रश्न

सुट्टीत मांजर आमच्याकडे ठेवायला येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही एक फॉर्म भरायला देतो. लसी, खाणं, नसबंदी, आधीची दुखणी हे रकाने लोक भराभर भरतात. सातव्या प्रश्नापाशी पेन थांबतं. ‘घरातलं कोणी मांजराला हाताने खेळवतं का?’ बहुतेक जण ‘नाही’ लिहून मोकळे होतात. दुसऱ्या दिवशी आमच्या मदतनीस मुलीच्या मनगटावर चार दातांचे ठसे उमटलेले असतात. आम्ही फोन करतो, तर पलीकडून कौतुकाने उत्तर येतं, ‘अहो, खेळतोय तो! घरी दादाशी रोज कुस्ती चालते त्याची.’

आमचा सगळ्यांत जास्त वेळ ही कुस्ती खाते. म्हणून हे पत्रक.

पिल्लं साधारण चौथ्या आठवड्यापासून भावंडांशी झोंबायला लागतात. नवव्या ते चौदाव्या आठवड्यांत ही झोंबाझोंबी ऐन भरात येते. शाळा असते ती. जोरात चावलं की भावंड किंचाळतं आणि खेळ सोडून निघून जातं. मग पुढच्या वेळी दात जरा आवरते घेतले जातात. वाघाचे बछडेही असेच एकमेकांवर दबा धरतात, आणि सिंहिणीच्या शेपटीचा गोंडा हे तर तिच्या छाव्यांचं हक्काचं खेळणं असतं. पण आई आणि भावंडं चुकलेल्याला वेळच्या वेळी समज देतात. महिन्याभराचं पिल्लू आईपासून तोडून घरी आणलं की ही शाळा सुटते आणि भावंडांच्या जागी आपला हात येतो. इवले दात गुदगुल्या करतात, सगळे हसतात, चादरीखाली बोटं हलवून त्याला आणखी चेतवतात. आठ महिन्यांनी तोच बोका चार किलोचा होतो. हात म्हणजे शिकार, एवढं एकच त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. (पिल्लू आणणारच असाल तर निदान आठ आठवडे, जमलं तर बारा, त्याला आईजवळ राहू द्या. बाकी कुठल्याही सल्ल्यापेक्षा हा जास्त उपयोगी पडेल.)

‘तो रागाने चावत नाही, प्रेमाने चावतो,’ असं आम्हाला ऐकवलं जातं. तो रागावलेला नाही, हे अगदी खरं. पण दात त्याचे तेच. मांजराचे सुळे सुईसारखे असतात. वरून दोन ठिपके दिसतात आणि घाण आत खोलवर जाते. एका रात्रीत हात सुजतो. म्हणून आमच्याकडे कोणाला दात लागले की जखम साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुतली जाते आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेली जाते. रेबीजच्या लशीचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतात. घरीही हेच करा. ‘आपलंच तर मांजर’ म्हणून हळद लावून बसू नका.

आता आवाजाकडे येतो, कारण खेळ कुठे संपला हे कान सांगतात. मांजरांचा खरा खेळ जवळजवळ मुका असतो. दोन मांजरं एकमेकांवर लोळतायत, आळीपाळीने वर-खाली होतायत, मध्येच थांबून पुन्हा धावतायत आणि खोलीत आवाज फक्त पावलांचा आहे, तर निश्चिंत राहा. गुरगुर सुरू झाली, कोणी फिस्कारलं, कान मागे चपटे पडले की खेळ संपला. शेपटी जमिनीवर आपटायला लागली तर तो ‘आता पुरे’चा निरोप असतो, आणि मांडीवर गोंजारून घेत असतानाही तो येतो. ‘अचानक चावला’ म्हणून आलेल्या तक्रारीत आम्ही खोदून विचारतो तेव्हा शेपटी बराच वेळ आपटत होती असंच बहुधा निघतं.

आणि घुरघुर? व्हिडिओ कॉलवर सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच: ‘घुरघुरतेय ना? मग मजेत आहे.’ बहुतेक वेळा असतेही. पण भेदरलेलं, आजारी, वेदनेतलं मांजरही घुरघुरतं. निव्वळ घुरघुर ऐकून ‘सगळं छान आहे’ असं आम्ही तुम्हाला कधीच सांगत नाही; खाल्लं किती, शू-शी झाली का, अंग चाटून साफ केलं का, हे सांगतो. घुरघुरीतही प्रकार आहेत. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या २००९ च्या अभ्यासात असं दिसलं की खायला मागताना काही मांजरं घुरघुरीतच एक बारीक, उंच सूर मिसळतात आणि तो तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या पट्टीत बसतो. पहाटे पाच वाजता तुम्ही उठून वाटी का भरता, ते यावरून कळावं.

मुलं आमच्याकडे आली की हमखास विचारतात, मांजर वाघाची मावशी, तर वाघ घुरघुरतो का? मांजरासारखा नाही घुरघुरत. मांजराच्या स्वरतंतूंमध्ये चिवट ऊतीच्या छोट्या गाद्या असतात, त्यामुळे एवढंसं जनावर सेकंदाला पंचवीस-तीस थरथरींचा खर्जातला सूर काढू शकतं. व्हिएन्नाच्या संशोधकांनी हे २०२३ मध्ये दाखवलं. श्वास आत जाताना आणि बाहेर येताना, दोन्ही वेळा तो चालू राहतो. वाघ-सिंहांचे स्वरतंतू जाड आणि चौकोनी, आत चरबी भरलेली. ते डरकाळीसाठी घडलेले आहेत. सिंहाची गर्जना आठ किलोमीटरवर ऐकू जाते. वाघाला लाड दाखवायचा असला की तो तोंड मिटून नाकातून फुर्रफुर्र करतो. माणसाळलेला वाघ ओळखीच्या रखवालदारालाही असंच ‘या’ म्हणतो. आपला जुन्नरकडचा बिबट्या लाकडावर करवत चालवल्यासारखा आवाज काढतो, उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना तो सांगायला नको. २०२२ मध्ये कुनोला आलेला चित्ता मात्र डरकाळी फोडूच शकत नाही. तो घुरघुरतो, आणि पिल्लांना हाक मारताना चक्क पाखरासारखी चिवचिव करतो.

दुसरी नेहमीची काळजी: ‘घरी सारखी म्याऊ करते, तुमच्याकडे गप्प का?’ मोठी झालेली मांजरं एकमेकांशी म्याऊ क्वचितच करतात. तो आवाज पिल्लू आईसाठी काढतं आणि पुढे आयुष्यभर माणसासाठी राखून ठेवतं. तुमची मनी आमच्याकडे पहिले दोन दिवस गप्प असते, कारण तिचं माणूस इथे नसतं. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी ती आमच्याकडे बघून म्याऊ करते. तो व्हिडिओ आम्ही आठवणीने पाठवतो.

पुन्हा हाताकडे. सवय मोडता येते, पण ती घरच्या सगळ्यांनी मिळून मोडावी लागते. आईने थांबवलं आणि दादाने चालू ठेवलं, तर काही उपयोग नाही. मांजराने हात पकडला की ओढून घेऊ नका. ओढलेला हात म्हणजे पळणारा उंदीर. हात ढिला सोडा, मेल्यासारखा. पकड सुटली की उठून दुसरीकडे जा. मारू नका, पाण्याचा फवारा उडवू नका. त्याने मांजर माणसाला घाबरायला शिकतं, चावणं तसंच राहतं. आणि त्याची शिकारीची भूक हातापासून लांब कुठेतरी भागवा. त्यासाठी टोकाला दोरी आणि पिसं बांधलेली लांब काडी हवी.

काडी कशी फिरवता याला महत्त्व आहे. ‘तुमच्याकडून नेलेल्या काडीशी खेळत नाही’ म्हणून परत आलेल्या काड्या आम्ही त्याच मांजरासमोर फिरवून दाखवल्या आहेत. चूक दर वेळी तीच: पिसं मांजराच्या तोंडासमोर नाचवली जातात. कुठला उंदीर चालत येऊन तोंडावर आदळतो? पिसं लांब न्या, सोफ्याआड अर्धी लपवा, थांबवा, किंचित थरथरवा. मांजर पोटावर दबून मागचे पाय हलवायला लागलं की जमलं. खेळ जेवणाआधी घ्या, कारण भुकेलं मांजर जास्त जोमाने खेळतं. दर तिसऱ्या-चौथ्या झडपेला पकडू द्या, आणि शेवटी खायला द्या. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप, असा तो क्रम पुरा झाला की रात्री पायाची बोटं शाबूत राहतात. पाच-दहा मिनिटं, दिवसातून दोनदा, पुष्कळ झाली. त्याच त्या खेळण्याला मांजर विटतं, म्हणून दोन-तीन आलटून-पालटून काढा.

लेझरचा लाल ठिपका आम्ही वापरत नाही आणि विकतही नाही. ठिपका कधीच पंज्यात सापडत नाही. काही मांजरं नंतर भिंतीवरच्या सावल्यांमागेही लागलेली आम्ही पाहिली आहेत.

आमच्या काडीची दोरी जाड विणीची आहे, पिसं बदलता येतात, किंमत २२० रुपये. काउंटरवर मागा, फिरवून दाखवू. घ्यायलाच हवी असं नाही: कागदाचा बोळा, टेबल टेनिसचा चेंडू, रिकामा खोका यांवरही मांजर खूश असतं. दोरा मात्र कुठलाही उघड्यावर ठेवू नका. राखीचा दोरा, लोकर, मांजा गिळला तर आतड्यात अडकतो आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. आमची काडीही खेळून झाल्यावर कपाटात गेली पाहिजे.

राहिला प्रश्न पैशांचा. हाताशी कुस्ती खेळणाऱ्या मांजराला आम्ही दोन ‘ओळखीचे दिवस’ जास्त लावतो. ते तुम्ही गावाला जाण्याआधीचे असतात आणि त्यांचे अर्धे दर घेतो. काहींना हे पैसे काढायचं निमित्त वाटतं. त्या दोन दिवसांत एकच माणूस, एकच काडी, ठरलेल्या वेळा आणि जाड हातमोजे, एवढंच चालतं. तिसऱ्या दिवशी तेच मांजर बिनहातमोज्याच्या हातातून औषधाची गोळी घेऊ शकतं. फॉर्मवर ‘नाही’ लिहिलेलं असलं तर हेच काम सुट्टीच्या गर्दीत, वीस मांजरं सांभाळत करावं लागतं, आणि तेवढे दिवस तुमचं मांजर खोलीत एकटं राहतं.

तेव्हा सातव्या प्रश्नाला खरं उत्तर लिहा. ‘हो’ लिहिलं म्हणून आम्ही आजवर एकही मांजर परत पाठवलेलं नाही. दिवाळीसाठी ओळखीचे दिवस दसऱ्यापर्यंत नोंदवावे लागतात. येताना मांजराची रोजची चादर न धुता आणा.